कार्डावरचा ‘किंमत’ हा रकाना कोरा का आहे?

जादुई शस्त्रांच्या कार्डसंचासोबतचं माहितीपत्रक

खोका उघडला की बहुतेक ग्राहक पहिल्यांदा हेच विचारतात: तलवारीचं नाव आहे, चित्र आहे, गुण लिहिलेत, मग किंमत कुठे गेली? छपाईत ती चुकून राहून गेलेली नाही. तो रकाना आम्ही मुद्दाम कोरा ठेवतो. तो कसा भरायचा, ते इथे सांगतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्र बनून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत जादुई वस्तूची किंमत ठरते ती वस्तू किती दुर्मिळ आहे त्यावरून. २०१४च्या नियमांत अनकॉमन (थोडी दुर्मिळ) वस्तू १०१ ते ५०० सोन्याच्या नाण्यांना आणि रेअर (दुर्मिळ) ५०१ ते ५,००० ला. २०२४मध्ये आकडे पक्के झाले: अनकॉमन ४००, रेअर ४,०००. डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, हे सोयीचं आहे, पण रेअर या एकाच शिक्क्याखाली येणाऱ्या तलवारींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. पाचव्या लेव्हलच्या एका फायटरचा, म्हणजे लढवय्या पात्राचा, हिशेब मांडला की हा फरक दिसतो.

त्याचा हल्ल्याचा बोनस +७, हातात साधी लाँगसोर्ड, डॅमेज (शत्रूला होणारी इजा) १डी८+४, म्हणजे आठ बाजूंचा एक फासा अधिक ४. समोरच्याचा एसी, म्हणजे वार लागायला बोनस धरून गाठावा लागणारा आकडा, १५. म्हणजे विसाच्या फाशावर ८ किंवा त्याहून जास्त पडलं की वार लागला. २० पैकी १३ वेळा. चुकलेले वार आणि क्रिट (२० पडल्यावर डॅमेजचे फासे दुप्पट) दोन्ही धरून प्रत्येक वारामागे सरासरी ५.७५ डॅमेज पदरात पडतं.

आता त्याला +१ तलवार द्या. वार २० पैकी १४ वेळा लागतो, डॅमेजही एकाने वाढतं, आणि सरासरी सुमारे १.१ ने वर जाते. त्याऐवजी फ्लेम टंग ही आगीची तलवार दिली तर लागलेल्या प्रत्येक वाराला २डी६ आगीचं डॅमेज, म्हणजे सरासरीत ४.९ ची भर. आणि २०१४ची व्हिशस तलवार? फाशावर २० पडला तरच साधारण ७ जास्त. वीस वारांत एकदा ७, म्हणजे वारामागे ०.३५.

व्हिशस रेअर आहे आणि +१ अनकॉमन, तरी +१ तिच्या तिप्पट काम करते. नाव मोठं, लक्षण खोटं. आमच्या शनिवारच्या टेबलावर एका ताईंनी ही तलवार मोठ्या हौसेने घेतली होती. मी शेजारी बसून वहीच्या कडेला प्रत्येक वाराची रेघ मारत होतो. तेवीस रेघा झाल्या आणि २० पडला एकदाच, तोही अशा गॉब्लिनवर ज्याचे दोनच हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) उरले होते. टेबलावर सगळे ओरडले, टाळ्या पडल्या, पण तलवारीचे ते ७ पॉइंट पाण्यात गेले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, ‘किती’ विचारण्याआधी ‘किती वेळा’ विचारा.

२०२४च्या पुस्तकात हीच व्हिशस तलवार बदलली. आता लागलेल्या प्रत्येक वाराला २डी६. नाव तेच, शिक्का तोच, ताकद चौदा पट. म्हणून आमच्या प्रत्येक कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात नियमांचं साल छापलेलं असतं. किंमत लिहिण्याआधी ते नक्की बघा.

जुन्या आवृत्तीचं गणित

२०००साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत किंमतीचं एक सूत्र होतं, आणि मला ते आजही फार आवडतं. शस्त्राचा एकूण बोनस घ्या, त्याचा वर्ग करा, २,००० ने गुणा. +१ ला २,०००, +२ ला ८,०००, +५ ला ५०,००० नाणी. फ्लेमिंगसारखा गुण +१ च्या बरोबरीचा धरत. तो +१ तलवारीवर चढवायचा तर ६,००० नाणी जास्त, आणि +४ तलवारीवर चढवायचा तर १८,०००. आग तीच, १डी६ची, पण किंमत तिप्पट. गुणाची किंमत तो कशावर चढतोय त्यावर ठरते, हे त्या सूत्राला बरोबर कळलं होतं. तुमचा डीएम शस्त्रांत सुधारणा करू देत असेल, तर हीच पद्धत वापरा.

कोणाच्या हातात, कोणासमोर

पाचव्या लेव्हलचा फायटर एका पाळीत दोन वार करतो. त्याला फ्लेम टंग म्हणजे पाळीमागे जवळपास १० डॅमेज जास्त. तीच रोगच्या (लपून वार करणाऱ्या चोर पात्राच्या) हातात दिली, तर वार एकच आणि भरही निम्मी. रोगची सगळी मदार स्नीक अटॅकवर, म्हणजे संधी साधून केलेल्या वाराच्या जादा डॅमेजवर, असते. त्याचा वार चुकला की १डी८ सोबत ३डी६ही हातचे जातात. म्हणून नुसत्या +१ चा फायदा फायटरला वारामागे १.१, तर रोगला १.६ च्या आसपास. शिवाय फ्लेम टंग पेटली की चाळीस फुटांपर्यंत लख्ख उजेड पडतो. अंधारातून दबा धरून जाणाऱ्याने ती पेटवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

मोहीम नरकात जाणार असेल तर आगीच्या तलवारीला काही किंमत नाही, कारण डेव्हिलांना आग लागत नाही. लाल ड्रॅगनलाही नाही. उलट मून-टच्ड तलवार ही कॉमन वस्तू. अंधारात चांदण्यासारखा उजेड देते, बस्स. पण ती जादुई धरली जाते, आणि २०१४च्या नियमांत वेअरवुल्फवर साध्या पोलादाच्या तलवारीचा काहीच परिणाम होत नाही. त्याची गाठ पडेल त्या रात्री पार्टीतली (साहसी गटातली) सगळ्यात मोलाची तलवार तीच.

व्हॉरपल तलवारीबद्दल ग्राहक फार विचारतात. २० पडला की मुंडकं उडतं. पण २०१४च्या नियमांत ज्या बड्या शत्रूंना लेजेंडरी अ‍ॅक्शन (पाळीबाहेरच्या जादा कृती) असतात त्यांचं उडत नाही, त्यांना फक्त ६डी८ जास्त लागतं. म्हणजे ज्या शत्रूसाठी ती जपून ठेवली, नेमका तोच वाचतो. तिच्या +३ ला किंमत द्या, मुंडक्याला थोडी कमी.

आणि एक गुण असा आहे की त्याला वरचा कुठलाच हिशेब लागू होत नाही. वेपन ऑफ वॉर्निंग. डॅमेजमध्ये शून्य भर. पण २०१४च्या नियमांत ते जवळ असलं की तुम्ही आणि तीस फुटांतले तुमचे साथीदार बेसावध सापडत नाही, इनिशिएटिव्हला (आधी पाळी कोणाची ते ठरवताना) तुम्हाला दोन फासे टाकून मोठा घेता येतो, आणि झोपेत हल्ला झाला तर सगळे जागे होतात. शिक्का अनकॉमन. तुमचा डीएम रात्रीच्या मुक्कामावर धाड घालणारा असेल, तर मी यासाठी आनंदाने रेअरची किंमत मोजेन.

अट्यूनमेंट (वस्तूशी जादुई नातं जोडणं) लागणाऱ्या वस्तू एका वेळी तीनच बाळगता येतात, त्यामुळे अशा शस्त्राच्या किमतीत ती अडवलेली जागाही धरा. तिसरी जागा रिकामी असेल तर विशेष फरक पडत नाही. भरलेली असेल तर कोणती वस्तू बाजूला ठेवावी लागेल, ते आधी ठरवा.

रकाना पेन्सिलीनेच भरा. कार्डाचा कागद खोडरबर सोसेल असाच निवडला आहे, कारण नवी मोहीम सुरू झाली की आकडा बदलणार. कार्डावरच्या साल किंवा गुणांमध्ये छपाईची चूक दिसली तर कार्ड दुकानात आणून द्या, बदलून मिळेल. त्याचे पैसे पडणार नाहीत.