परदेशी नागरिकांची हद्दपारी : भारतातील पद्धत

बेकायदा आलेल्या, व्हिसाची मुदत संपूनही राहिलेल्या किंवा व्हिसाच्या अटी मोडणाऱ्या परदेशी व्यक्तीला सरकारी आदेशाने देशाबाहेर पाठवणे म्हणजे हद्दपारी. तडीपारी वेगळी, ती ठरावीक हद्दीपुरती असते आणि भारतीयावरही होते. प्रत्यार्पणासाठी दुसऱ्या देशाने आरोपीची मागणी करावी लागते, हद्दपारीला तशी गरज नसते.

हा अधिकार १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यातून आला. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अ‍ॅक्ट, २०२५ लागू आहे. हान्स म्यूलर या जर्मन नागरिकाच्या खटल्यात (१९५५) सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा हा अधिकार अनिर्बंध मानला. देशात वास्तव्याचा हक्क (अनुच्छेद १९) फक्त नागरिकांना आहे; जीविताचे संरक्षण (अनुच्छेद २१) मात्र परदेशी माणसालाही मिळते. म्हणूनच २०२१ मध्ये रोहिंग्यांबाबत न्यायालयाने हद्दपारी थांबवली नाही, पण विहित प्रक्रियेशिवाय कोणालाही पाठवू नये, असे बजावले.

प्रत्यक्ष काम मुंबईसारख्या शहरांत एफआरआरओ (परदेशी नागरिकांची नोंदणी पाहणारे प्रादेशिक) कार्यालय आणि जिल्ह्यांत पोलिस अधीक्षक पाहतात. मुदत थोडी उलटली असेल तर बहुधा दंड भरून एक्झिट परमिट (देश सोडण्याचा परवाना) मिळते आणि प्रकरण तिथेच संपते. गुन्हा दाखल असेल तर आधी खटला, शिक्षा, मग रवानगी.

खरे घोडे अडते ते राष्ट्रीयत्वाच्या पडताळणीत. नाव, वडिलांचे नाव, गाव हा तपशील परराष्ट्र मंत्रालयामार्फत संबंधित दूतावासाकडे जातो. त्या देशाने माणूस आपला म्हटला आणि पासपोर्ट नसल्यास तात्पुरते प्रवासपत्र दिले, तरच रवानगी होते. पत्ता खोटा किंवा अपुरा निघाला की माणूस स्थानबद्धता केंद्रात अडकून पडतो. आसाममधील अशा ६३ जणांच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला फटकारले : देश माहीत असेल तर पत्त्यासाठी का थांबता?

उलट बाजूची चूक, म्हणजे भारतीयालाच परदेशी ठरवणे, अधिक गंभीर आहे. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने त्या व्यक्तीवरच टाकली आहे. कागदोपत्री नावाचे स्पेलिंग वेगळे असले किंवा बोली बांगला असली, तरी गरीब मजूर संशयात सापडतो. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट बांगलादेश सीमेपार ढकलण्यात आले. पश्चिम बंगाल पोलिसांनी त्यांची कागदपत्रे पुढे केल्यावर दोन्ही देशांच्या सीमा दलांची ध्वजबैठक झाली आणि त्यांना परत आणले गेले.