प्रकाशोपचाराला दुपारी तीनलाच का बोलावतो?

“सकाळचीच वेळ द्या की, अकरापर्यंत मोकळं होऊ.” दवाखान्याच्या फोनवर सारखं हेच ऐकतो. गारगोटी, राधानगरीकडच्यांना परतीची एसटी गाठायची असते, हे कळतं. तरी आम्ही ३ लाच बोलावतो.

टक्कल, कपाळ, कान, हाताची पाठ. वर्षानुवर्षं ऊन खाऊन इथे खरखरीत चट्टे उठतात. डोळ्यांआधी ते बोटांना कळतात, पॉलिश पेपरवरून हात फिरवल्यासारखे. (फेटेवाल्यांचं डोकं शाबूत असतं, कान मात्र उघडे!) याला ॲक्टिनिक केराटोसिस म्हणतात. हा कर्करोग नव्हे, पण एखादा चट्टा पुढे तिकडे वळू शकतो.

त्यावरच्या प्रकाशोपचारात आम्ही वरचे खवले हलके खरवडतो, क्रीम लावून चट्टा झाकतो आणि ३ तास थांबतो. तेवढ्या वेळात बिघडलेल्या पेशींमध्ये उजेडाने पेटणारं द्रव्य साठतं. मग लाल दिव्याखाली काही मिनिटं बसलात की त्या पेशी मरतात. हा लेसर नाही. चुरचुरतं, आणि चांगलंच चुरचुरतं. त्यासाठी पंखा आणि गार पाणी हाताशी ठेवलेलं असतं.

खरी गडबड होते ती घरी गेल्यावर. ते द्रव्य कातडीत थोडं उरतं, म्हणून ४८ तास उन्हात जायचं नाही. लोक सनस्क्रीन थापतात आणि गाडीला किक मारतात. सनस्क्रीन अतिनील किरणं अडवतं, पण या द्रव्याला डोळ्यांना दिसणारा दिवसाचा उजेडही पुरतो. एसटीच्या खिडकीची काचही तो अडवत नाही. मग चेहरा सुजवून परत येतात, वर “तुमचं क्रीम बाधलं” म्हणतात. अशांची समजूत काढण्यात आमची अख्खी दुपार जाते.

३ ला आलात तर दिवा होईपर्यंत ऊन उतरत आलेलं असतं आणि त्या ४८ तासांतली पहिली रात्र आपोआप निभावते. पुढचे दोन दिवस घरातच काढा. अंधार करून बसायला नको, घरातला साधा दिवा चालतो, फक्त खिडकीत बसू नका. निघताना रुंद काठाची टोपी आणि सुती कापड आम्हीच देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आठवडा-दोन आठवडे लाली आणि खपली राहील, ती नखाने काढू नका. ३ महिन्यांनी पुन्हा बघतो, त्या तपासणीची फी घेत नाही.

आपल्या सावळ्या कातडीला हा आजार तसा कमीच होतो. वांग घालवायला आलेल्यांना आम्ही हा उपचार देत नाही. चट्टा जाड असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर आधी तुकडा तपासायला पाठवतो.

वेळ घेताना दोन गोष्टी सांगा. एक, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, कारण काही क्रीममध्ये शेंगदाणा तेल असतं. दुसरी, उसाला तोड कधी आहे. कारखान्याचा निरोप आला की तुम्ही घरात थांबणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. त्यापेक्षा तोड उरकून या.