पेला आणि ताट: स्मूदी जेवणाची जागा घेऊ शकते का?

वैशाखात आमरसाचा बेत असला की मराठी घरात पोळ्या नेहमीपेक्षा अंमळ जास्तच लाटल्या जातात, कारण रस कितीही दाट आणि गोड निघाला आणि एखाद्याने तो चार वाट्या नुसता प्यायला, तरी पोळी मोडल्याशिवाय त्याला कोणी जेवण म्हणत नाही. शिकरणाचेही तसेच आहे. केळे, दूध आणि चिमूटभर वेलदोडा हा ऐवज पोळीबरोबर खायचा, ही त्याची ठरलेली जागा. आज जिला स्मूदी म्हणतात तिच्यात याहून फारसे निराळे काही नसते. फरक एवढाच, की शिकरण ताटातल्या एका वाटीवर समाधानी असते आणि स्मूदी सबंध ताटाची जागा मागते. जे पदार्थ आपण चावून खाल्ले असते तेच दळून प्यायलो, तर पोटात जाऊन सगळे एकच होणार, असा या मागणीमागचा युक्तिवाद असतो. तो अर्धा खरा असल्यामुळेच फसवा आहे.

आधी एक घोळ निस्तरला पाहिजे. स्मूदीवर घेतले जाणारे पुष्कळसे आक्षेप खरे तर ज्यूसवरचे आहेत. ज्यूस करताना चोथा गाळून फेकला जातो. स्मूदीत मात्र सबंध फळ, गर आणि तंतूंसह, कधी सालीसकट, मिक्सरच्या भांड्यात जाते आणि तिथेच राहते. मिक्सरचे पाते तंतूंचे तुकडे करते, त्यांना नाहीसे करत नाही. रासबेरीसारखी बारीक बियांची फळे दळून दिल्यावर रक्तातील साखर सबंध फळ खाल्ल्यापेक्षा कमी चढली, असे काही छोट्या प्रयोगांत दिसले आहे. चावताना ज्या बिया अखंड गिळल्या जातात त्या पात्याखाली फुटतात आणि त्यांतले तंतू मोकळे होतात, हे त्याचे संभाव्य कारण सांगितले जाते. तेव्हा ‘मिक्सरमध्ये फायबर मरते’ हे वाक्य सोडून दिलेले बरे.

मग ताटाची बाजू कशावर उभी राहते? याचे उत्तर शोधताना १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाकडे परत जावे लागते. दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिले गेले: सबंध, वाटून केलेला गर आणि गाळलेला रस. तिन्हींतील कर्बोदके सारखीच, ६० ग्रॅम. रस सबंध फळापेक्षा अकरा पट आणि गरापेक्षा चार पट वेगाने संपवता आला, यात नवल नाही. नवल पुढे आहे. संशोधकांनी तिन्हींच्या सेवनाचा वेग मुद्दाम सारखा ठेवून पाहिला, तरीही रसाने गरापेक्षा आणि गराने सबंध फळापेक्षा कमी समाधान दिले. रक्तातील साखर तिन्ही वेळा सारख्याच उंचीपर्यंत चढली. पण रस आणि गर यांच्यानंतर इन्सुलिन अधिक वाढले आणि रसानंतर साखर झपाट्याने खाली घसरली. गरानंतर ती थोडी कमी घसरली, सबंध सफरचंदानंतर तशी घसरण दिसलीच नाही. स्मूदी ही या तिघांतल्या मधल्याची, म्हणजे गराची, जवळची नातलग आहे. ती रसाइतकी पोकळ नाही, सबंध फळाइतकी टिकाऊही नाही.

पेल्याने अशी अर्धवट शमलेली भूक पुढे काय करते, हेही पाहण्यासारखे आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात माणसांना रोज ४५० किलोकॅलरी जादा दिल्या गेल्या, चार आठवडे जेली बीन्स या मिठाईच्या गोड गोळ्यांच्या रूपात आणि चार आठवडे गोड सोड्याच्या रूपात. गोळ्या खाल्ल्या तेव्हा माणसांनी दिवसभरातले बाकीचे खाणे आपोआप तेवढे कमी केले. सोडा प्यायले तेव्हा कमी केले नाही. सोडा म्हणजे स्मूदी नव्हे, हे मान्य. पण प्यायलेल्या कॅलरींचा हिशेब शरीर खाल्लेल्या कॅलरींइतक्या काटेकोरपणे ठेवत नाही, हा त्यातला मुद्दा स्मूदीलाही काही अंशी लागू पडतो. २००९ सालच्या दुसऱ्या प्रयोगात दुपारच्या जेवणाआधी सबंध सफरचंद खाल्लेल्यांनी, आधी काहीच न खाल्लेल्यांच्या तुलनेत, सफरचंदाच्या कॅलरी धरूनही एकूण सुमारे १५ टक्के कमी खाल्ले. वाटलेल्या सफरचंदाचा आणि रसाचा तेवढा प्रभाव पडला नाही. रात्री आठला स्मूदी पिऊन ‘आज जेवण हलके झाले’ म्हणणारा माणूस साडेदहाला चिवड्याचा डबा का उघडतो, याचे उत्तर इथे सापडते.

परंतु पातळ ते सगळे वाईट, असा निष्कर्ष काढणेही घाईचे ठरेल. आपण भाजी-भाकरी खाऊन वर पाणी पितो तेव्हा पाणी पोटातून लवकर निघून जाते आणि घन अन्न मागे राहते. तेच अन्न आणि तेच पाणी एकत्र वाटून सूप केले, तर सगळे मिश्रण एकजीव असल्यामुळे पोट अधिक वेळ भरलेले राहते, असे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम येथे एमआरआय यंत्राने पोटाचे चित्र घेऊन केलेल्या अभ्यासांत आढळले आहे. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाच्या पेजेवर शेतात राबणाऱ्या माणसांची सकाळ पिढ्यान्‌पिढ्या निघाली, ती काही अडाणीपणामुळे नव्हे. पण पेज नीट पाहिली तर ती स्मूदीपेक्षा ताटाच्या जवळची वाटते. तिच्यात शिते असतात, ती वाफाळती असल्याने फुंकर घालत, सावकाश घ्यावी लागते आणि तोंडी लावायला लोणचे, पापड नाहीतर सुकी मासळी असते. गारेगार स्मूदी स्ट्रॉने चार मिनिटांत तळाला लागते. घाई करू न देण्याचा जो गुण पेजेत आहे, तो स्मूदीत नाही.

आता पेला आणि ताट शेजारी मांडू. पेल्यात एक मोठे केळे, दोन लहान चिकू, २०० मिलिलिटर गाईचे दूध, तीस ग्रॅम ओट्स, दहा बदाम आणि एक मोठा चमचा मध आहे, असे समजू. कोणीही तिला चांगली, पौष्टिक स्मूदी म्हणेल. ताटात ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्या, वाटीभर मुगाच्या डाळीची आमटी, दोन लहान चमचे तेलात परतलेली मेथीची भाजी आणि वाटीभर दही आहे. ढोबळ हिशेबाने पेला साडेपाचशे किलोकॅलरींच्या आसपास जातो आणि ताट सहाशेच्या. म्हणजे ‘हलके’ या शब्दाला इथे फारसा आधार नाही. तंतूंच्या बाबतीतही पेला अगदीच मागे पडत नाही. प्रथिने मात्र पेल्यात चौदा-पंधरा ग्रॅम भरतात आणि ताटात वीसच्या पुढे जातात. सर्वांत मोठी तफावत साखरेत आहे. केळे, चिकू, दूध आणि मध यांची मिळून पन्नास ग्रॅमच्या घरात जाणारी साखर पेल्यात आहे, तर ताटातली बहुतेक कर्बोदके पिष्टाच्या रूपात आहेत आणि ती चावून, लाळेत मिसळून, सावकाश खाली उतरतात.

ही पन्नास ग्रॅम साखर सगळीच सारखी मोजावी का, यावर जाणकारांतही एकमत नाही. दुधातली साखर कोणीच दोषात धरत नाही. मधाची साखर ‘मोकळी साखर’, म्हणजे सबंध फळाच्या गरात बांधलेली नसलेली, सुटी साखर आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टच म्हटले आहे, आणि अशी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमपर्यंत ठेवावी, असे त्यात सुचवले आहे. वाटलेल्या फळातली साखर ब्रिटनमध्ये मोकळी साखर म्हणूनच मोजली जाते, आणि तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा ज्यूस व स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरपेक्षा जास्त नको, असे सांगते. मला हा नियम दूध-ओट्स घातलेल्या दाट स्मूदीसाठी थोडा कडक वाटतो. पण बाजारात मिळणारे उंच पेले याच्या दुप्पट-तिप्पट असतात, हे लक्षात घेतले की त्या कडकपणाचे कारण कळते.

पेल्याची खरी अडचण पोषणापेक्षाही जागेची आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारविषयक सूचनांत दोन हजार किलोकॅलरींच्या दिवसासाठी ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये असे माप आहे. स्मूदी हे माप नेमके उलटे करते, कारण तिच्यात फळे चवीला बसतात, भाजी फारशी बसत नाही आणि मटकीची उसळ तर बसतच नाही. भाजीची भरपाई म्हणून मूठ मूठ कच्चा पालक घालण्याची जी पद्धत आहे, तिच्याबाबत सावध राहिले पाहिजे. पालकात ऑक्झलेट हे मुतखड्याला हातभार लावणारे द्रव्य पुष्कळ असते. पालक उकळून पाणी फेकून दिले की त्यातले बरेचसे जाते, कच्चा दळला की सगळे पेल्यात उतरते. ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी रोजच्या हिरव्या स्मूदीपासून लांबच राहावे. केळ्याचीही एक गंमत आहे. चिरलेले केळे ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) काळे पडते, तेच विकर कोको किंवा बेरी यांतल्या फ्लेव्हॅनॉल नावाच्या उपयुक्त द्रव्यांना पेल्यातच निकामी करते, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले आहे. महागड्या बेरी आणून त्या केळ्याबरोबर फिरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

काही माणसांसाठी मात्र पेला हेच ताट असते. जबड्याची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण, कवळी न बसणारे आजोबा, उपचारांमुळे तोंड आलेला कर्करुग्ण यांना वाटलेले अन्न द्यावेच लागते. पण आहारतज्ज्ञ त्यांच्यासाठी जे आखतात त्यात नुसती फळे नसतात. वाटलेली खिचडी, डाळीचे सूप, दूध, तेल किंवा तूप असे मोजून घातलेले असते. म्हणजे तिथे ताटच पेल्यात ओतलेले असते. मधुमेह असलेल्यांनी जेवणाच्या जागी स्मूदी घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, कारण औषधाची वेळ आणि मात्रा जेवणाच्या अंदाजाने ठरवलेली असते.

राहता राहिली सकाळची न्याहारी, आणि तिथे स्मूदीला जागा देणे शक्य आहे. फळ एकच घ्यावे, मध आणि खजूर वगळावेत, दुधाऐवजी घट्ट दही घेतल्यास मिश्रण दाट होते, भाजलेले शेंगदाणे किंवा जवस घातल्याने प्रथिने आणि स्निग्धांश वाढतो, आणि मिक्सर गुळगुळीत होईपर्यंत न फिरवता थोडे कण राहू दिल्यास चावायलाही लागते. ती पेल्यात न ओतता वाटीत काढून चमच्याने खावी, आणि शेजारी एखादे उकडलेले अंडे किंवा मुगाचे धिरडे असावे.