इंपिरिकल डेटा: वैद्यांच्या वादातून मंत्रालयात

२०२१-२२ मध्ये मुंबईतल्या राजकारणात एकच शब्द गाजत होता, इंपिरिकल डेटा, म्हणजे प्रत्यक्ष पाहणी करून गोळा केलेली माहिती. मंत्रालयाच्या आसपास चहा पिताना कुणी 'इंपेरिकल' म्हणे, कुणी थेट 'इंपिरियल'. आता इंपिरियल म्हणजे साम्राज्याचा, आणि इथे तर जिल्हा परिषदेच्या जागांवरून घोडं अडलं होतं.

निमित्त होतं ४ मार्च २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. स्थानिक स्वराज्य संस्थांत ओबीसी आरक्षण द्यायचं तर आधी स्वतंत्र आयोगाने मागासलेपणाची इंपिरिकल पाहणी करावी, त्यावरून संस्थानिहाय प्रमाण ठरवावं, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांपुढे जाऊ नये.

शब्द मुळात ग्रीक. 'पेइरा' म्हणजे करून पाहणं, त्यावरून 'एम्पेइरिया', म्हणजे अनुभव. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात वैद्यांचा एक पंथच या नावाने निघाला. आजाराचं शरीरात दडलेलं कारण शोधत बसण्यात अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं. आपण काय पाहिलं, इतरांनी काय पाहून लिहून ठेवलं, आणि नवा आजार आलाच तर तो कुठल्या जुन्या आजारासारखा आहे, एवढ्यावर औषध द्यायचं. गंमत म्हणजे पुढे इंग्रजीत 'एम्पिरिक' ही चक्क भोंदू वैद्याला शिवी झाली. निरीक्षणावर उभ्या राहिलेल्या विज्ञानामुळे शब्दाची अब्रू वाचली.

मराठीत 'अनुभवजन्य' किंवा 'अनुभवाधिष्ठित' लिहितात. बोलताना मात्र कुणी म्हणत नाही. आपल्या दर्शनांत 'प्रत्यक्ष' आहे, प्रति अधिक अक्ष, इंद्रियांसमोरचं. चार्वाकांना तर ज्ञानाचं साधन म्हणून तेवढंच मान्य. पण दुसऱ्याने टिपून ठेवलेली नोंद त्यात बसत नाही, आणि आयोगाचं काम तर नोंदींवरच चालतं. मला विचाराल तर 'पाहून-मोजून' हे साधं मराठी जास्त जवळचं.

मार्च २०२२ मध्ये माजी मुख्य सचिव जयंतकुमार बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याने मतदार याद्या घेतल्या, पण यादीत जात नसते. मग आडनावावरून ओबीसी ओळखायचे ठरलं आणि लगेच ओरड झाली. साहजिकच होतं. जाधव, पवार, गायकवाड ही आडनावं एका जातीची थोडीच आहेत? एकाच चाळीत दोन जाधव असतात आणि त्यांचं गाव, कुळ, जात काहीच जुळत नाही. तरी ओबीसींचं प्रमाण ३७ टक्के धरणारा अहवाल आला आणि जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने त्यावरून आरक्षणासह निवडणुकांना वाट मोकळी केली.