दूरस्थ मुक्तलेखन

कुणाच्याही पगारपत्रकावर नाव नसताना आणि काम देणाऱ्याच्या कचेरीची पायरी न चढता लेखन, भाषांतर, संपादन किंवा मुद्रितशोधन करून त्यावर घर चालवण्याचा व्यवसाय. बोलताना सगळे याला ‘फ्रीलान्सिंग’च म्हणतात. हा इंग्रजी शब्द एकोणिसाव्या शतकात रूढ झाला, तो मोबदला घेऊन कुणाच्याही बाजूने लढणाऱ्या मध्ययुगीन भालाइतांसाठी. या नोंदीत मुख्यतः मराठीतून चालणाऱ्या दूरस्थ मुक्तलेखनाचा विचार केला आहे.

घरी बसून लिहायचे आणि मजकूर दुसऱ्या गावी पाठवायचा, ही रीत मराठीला जुनी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली. तेव्हापासून बेळगाव, इंदूर, नागपूर, गोवा अशा ठिकाणचे लेखक मुंबई-पुण्याच्या संपादकांना टपालाने साहित्य पाठवत आले. मराठी विश्वकोशाचे संपादकीय काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईत चाले, पण नोंदी लिहिणारे तज्ज्ञ ठिकठिकाणी विखुरलेले होते. हे सर्व दूरस्थ लेखनच. मात्र त्यावर कुणाचे घर क्वचितच चाले. लिहिणारा बहुधा शिक्षक, प्राध्यापक, कारकून किंवा वकील असे आणि लेखनाचे पैसे वरखर्चाला येत.

त्या पैशांना मराठीत ‘मानधन’ म्हणतात, आणि या शब्दाने लेखकाचे बरेच नुकसान केले आहे. मानधन किती द्यायचे, हे देणारा ठरवतो. घेणाऱ्याने आकडा विचारणे अवघडल्यासारखे होते. गवंडी, शिंपी किंवा सुतार ‘दर’ सांगतो आणि त्यावर घासाघीस होते. लेखकाने दर सांगितला की भुवया उंचावतात. दूरस्थ मुक्तलेखन हा खऱ्या अर्थाने व्यवसाय झाला तो मानधनाची जागा दराने घेतल्यावर, आणि दर आला तो भाषांतराच्या बाजूने, संगणकातून.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. मराठी लेखकाला त्याचा उपयोग व्हायला मात्र वेळ लागला, कारण अडचण लिपीची होती. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची अक्षररचना वेगळी होती. पाठवणाऱ्याकडचा फॉन्ट घेणाऱ्याकडे नसला की लेखाच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गिचमिड काला उघडे. म्हणून लोक छापील प्रत कुरिअरने पाठवत. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांतल्या अक्षरांसाठी सगळ्या संगणकांवर एकच संकेतक्रम, प्रचारात आल्यावर, आणि विंडोज २००० पासून ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट संगणकातच येऊ लागल्यावर, मराठी मजकूर कुठूनही कुठेही जसाच्या तसा पोहोचू लागला. एखाद्या तालुक्याच्या गावातल्या बाईंना बंगळूरच्या कंपनीचे काम मिळू लागले ते यामुळे.

कामे मिळण्याचे मार्ग अनेक. एलान्स (१९९९) आणि ओडेस्क (२००३) ही कामे मिळवून देणारी संकेतस्थळे २०१३ च्या अखेरीस एकत्र आली आणि २०१५ पासून अपवर्क या नावाने चालतात. फाइव्हर २०१० सालचे. भाषांतरकारांसाठीचे प्रोझ १९९९ पासून आहे. पण मराठीचे काम बहुतांशी एजन्सींच्या साखळीतून येते. मोठी कंपनी आपले काम बहुराष्ट्रीय एजन्सीला देते, ती भारतातल्या एजन्सीला आणि ती घरी बसलेल्या भाषांतरकाराला. प्रत्येक कडीवर दरातला वाटा कापला जातो. शेवटच्या माणसाला मूळ ग्राहक कोण, हे पुष्कळदा कळतही नाही. याशिवाय जाहिरातींचा मजकूर, शालेय पुस्तके, माहितीपट, मालिकांची उपशीर्षके आणि श्राव्य मालिका ही कामे असतात. श्राव्य पुस्तकांच्या स्टोरीटेल या कंपनीने २०१७ साली भारतात मराठीसह सेवा सुरू केली, तेव्हापासून केवळ ऐकण्यासाठी लिहिण्याचे कामही वाढले.

कमाई ठरते ती मोजणीवर. वर्तमानपत्र लेखाला पैसे देते, प्रकाशक पानाला, एजन्सी शब्दाला. शब्दाचा दर वरवर सर्वांत न्याय्य वाटतो, पण ‘शब्द कोणत्या भाषेतले मोजायचे?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा. इंग्रजीत ‘इन फ्रंट ऑफ द हाऊस’ हे पाच शब्द आहेत, मराठीत ‘घरासमोर’ हा एक. ‘फ्रॉम द हॉस्पिटल्स’ हे तीन, ‘रुग्णालयांमधून’ हा एक. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहायची, ही मराठीची प्रकृती. त्यामुळे इंग्रजी मजकुराचे मराठी केले की शब्दसंख्या घटते. समजा, हजार इंग्रजी शब्दांचे मराठीत आठशे शब्द झाले आणि दर शब्दाला एक रुपया असला, तर मूळ मजकूर मोजला की हजार रुपये मिळतात आणि भाषांतर मोजले की आठशे. काम तेच, वेळ तेवढाच. नवख्या भाषांतरकाराचे दोनशे रुपये असे कुठलाही वाद न होता जातात.

याचा दुसरा परिणाम भाषेवर झाला आहे आणि तो अधिक खेदाचा आहे. भाषांतरातले शब्द मोजून पैसे मिळतात तिथे ‘रुग्णालयाबाहेर’चे ‘रुग्णालयाच्या बाहेर’ होते, ‘केले’चे ‘करण्यात आलेले आहे’ होते आणि ‘घरासमोर’ तोडून ‘घरा समोर’ लिहिले जाते. सरकारी पत्रके, बँकांची माहितीपत्रके आणि ॲपमधल्या सूचना जड झाल्या आहेत, त्याला मोजणीची ही पद्धतही अंशतः जबाबदार आहे. पोट भरण्यासाठी शब्द वाढवणाऱ्याला दोष देणे मला पटत नाही. दोष करार करणाऱ्याचा आहे, कारण मूळ मजकूर मोजला की हा मोहच उरत नाही.

एजन्सीच्या कामात आणखी एक वजावट असते. ट्राडोस, मेमोक्यू यांसारख्या आज्ञावल्या आधी केलेली भाषांतरे साठवून ठेवतात. नव्या मजकुरातले वाक्य साठ्यातल्या वाक्याशी जुळले की त्याचा दर कमी होतो, शंभर टक्के जुळले तर कधी काहीच मिळत नाही. पण इंग्रजीत जुळणारे मराठीत जुळेलच असे नाही. ‘ओपन’ हा एकच शब्द बटणावर असेल तर ‘उघडा’, दुकानाच्या वेळेपुढे असेल तर ‘सुरू आहे’, तक्रारीच्या स्थितीपुढे असेल तर ‘प्रलंबित’. भाषांतरकारापुढे मात्र पडद्याचे चित्र नसते, तक्त्याच्या रकान्यात तो शब्द एकटा उभा असतो. वाक्यात रिकामी जागा सोडलेली असली, की लिंगवचनाचा पेच येतो. त्या जागी नंतर ‘फोटो’ येणार की ‘फाइल’ हे माहीत नसताना ‘हटवला’ लिहायचे की ‘हटवली’? जाणकार माणूस ‘हटवण्याचे काम पूर्ण झाले’ अशी वाट काढतो. त्याचा अर्धा तास या तीन-चार शब्दांत जातो आणि मोजणीत तो कुठेच दिसत नाही.

मुद्रितशोधनाचेही तसेच आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक अठरा नियम पाठ असलेला माणूस ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक एका नजरेत पकडतो. रफाराच्या जागी अर्धा ‘ऱ’ आला, तर गुरुजींचे निमंत्रण स्वयंपाक्यांना जाते. संगणकाचा शुद्धलेखन-तपासनीस दोन्ही शब्द बरोबर ठरवतो, कारण दोन्ही बरोबरच आहेत.

लेखनाचा हक्क हा मानधनाच्या काळात दुर्लक्षिलेला भाग. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार नोकरीत नसलेला लेखक आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि लेखकाच्या सहीनिशीच देता येतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचे, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर ते भारतापुरते धरले जाते. पैसे घेऊन हक्क दिल्यावरही आपले लेखकत्व सांगण्याचा आणि लेखनाची मोडतोड होऊन आपली अप्रतिष्ठा होत असेल तर हरकत घेण्याचा अधिकार कलम ५७ ने लेखकाकडे राहतो. परदेशी करारांत ‘वर्क फॉर हायर’ असे शब्द दिसतात. ती संकल्पना अमेरिकी कायद्यातली आहे आणि तिचा अर्थ मालकी सुरुवातीपासूनच काम देणाऱ्याची, असा होतो. सही करण्याआधी ते कलम शांतपणे वाचावे.

पैसे हातात येईपर्यंतचा काळ हा या व्यवसायातला सर्वांत कसोटीचा. काम दोन दिवसांत हवे असते आणि बिल दोन-दोन महिने पडून राहते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ मध्ये यावर उपाय आहे, पण लेखकांपैकी फार थोड्यांना तो ठाऊक असतो. घरून एकट्याने सेवा देणारी व्यक्तीही २०२० पासून सुरू झालेल्या ‘उद्यम’ संकेतस्थळावर विनामूल्य नोंदणी करून सूक्ष्म उद्योग ठरू शकते. अशा उद्योगाचे पैसे देण्यासाठी करारातही पंचेचाळीस दिवसांहून जास्त मुदत ठेवता येत नाही. त्यापुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापला की हिशेब खात्याचा सूर बदलतो.

भारतातल्या ग्राहकाकडून वर्षाला ठरावीक मर्यादेपलीकडे रक्कम मिळाली की दहा टक्के करकपात होते. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून तीस हजारांवरून पन्नास हजार रुपये झाली. कापलेली रक्कम बुडालेली नसते. विवरणपत्र भरले की देय कर वजा जाऊन उरलेले पैसे परत मिळतात. सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. परदेशातले पैसे पेपाल, वाइज, पेओनियर यांच्यामार्फत किंवा थेट बँकेत येतात. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे पाठवण्याची सेवा बंद केली, परदेशातून पैसे घेता येतात.

एप्रिल २०१७ मध्ये गूगलने मराठीसह नऊ भारतीय भाषांसाठी न्यूरल, म्हणजे पूर्ण वाक्य एकदम विचारात घेणाऱ्या पद्धतीचे यंत्रभाषांतर आणले आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले. त्यानंतर कोऱ्या पानावर भाषांतर करण्याचे काम घटून यंत्राने केलेले मराठी दुरुस्त करण्याचे काम वाढले. व्यवसायात त्याला ‘पोस्ट-एडिटिंग’ म्हणतात आणि दर पूर्ण भाषांतराहून बराच कमी असतो. ‘वाचून फक्त ठीकठाक करायचे आहे’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात एकाच परिच्छेदात वाचकाला आधी ‘तुम्ही’ आणि मग ‘तू’ म्हटलेले असते, कर्ता स्त्रीलिंगी आणि क्रियापद पुल्लिंगी असते, आणि वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही कुणीही मराठी माणूस तसे बोलत नाही. असे वाक्य दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने लिहिणे लवकर होते. म्हणून अनुभवी भाषांतरकार आता अशा कामासाठी शब्दाऐवजी तासाचा दर मागू लागले आहेत, आणि दर सांगण्याआधी मजकुराची दोन पाने नमुना म्हणून मागवून घेतात.