राक्षसाचा जीव पोपटात

सात समुद्रांपलीकडे बेट, बेटावर झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट. पोपटाची मान मुरगळली की इकडे राक्षस गतप्राण. 'त्याचा सगळा जीव त्या पोपटात आहे' हे आपण बँकेतल्या ठेवीपासून पुढाऱ्याच्या साखर कारखान्यापर्यंत कशालाही लावतो. या पोपटावर एकोणिसाव्या शतकात युरोपातले विद्वान एकमेकांशी वाद घालत होते, आणि त्यांना तो पुरवला होता दख्खनमधल्या एका आयेने.

१८६५-६६चा हिवाळा. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर निघाले होते. सोबत त्यांची मुलगी मेरी. मुक्कामाच्या कंटाळवाण्या वेळी तिने आपली आया ॲना लिबरेटा डिसूझा हिला गोष्टी सांगायला लावलं. ॲनाचं घराणं मूळचं लिंगायत, आजोबांच्या काळात ख्रिस्ती झालेलं. गोष्टी मात्र आजीच्याच होत्या. १८६८ साली त्या 'ओल्ड डेक्कन डेज' या नावाने लंडनमध्ये छापल्या गेल्या. त्यातली पहिली पंचकिन जादूगाराची. दूरच्या घनदाट रानात ताडांचं रिंगण, मधोमध एकावर एक रचलेले पाण्याने भरलेले सहा घडे, सर्वांत खालच्या घड्याखाली पिंजरा आणि त्यात हिरवा पोपट. पाण्याची अशी उतरंड कुणी पुस्तकातून उचलत नाही. रोज घडे वाहणाऱ्या बायकांच्याच तोंडी ती घडलेली असणार, असं मला वाटतं.

पुस्तक आलं तेव्हा वातावरण तापलेलंच होतं. थिओडोर बेन्फाय या जर्मन पंडिताने १८५९ साली पंचतंत्राच्या अनुवादाला जोडून मांडलं होतं की युरोपातल्या बहुतेक लोककथा भारतातून प्रवास करत गेल्या. मॅक्सम्युलरच्या पठडीतल्यांना जिथे तिथे सूर्य आणि अंधाराचं रूपक दिसत होतं. (त्या काळात कुठलाही नायक सूर्य ठरू शके.) एडवर्ड क्लॉडने १८८४ साली 'पंचकिनचं तत्त्वज्ञान' असा लेखच लिहिला. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझरने १८९०च्या 'गोल्डन बाऊ' या ग्रंथात देहाबाहेर ठेवलेल्या प्राणाच्या कथा मांडताना सुरुवात पंचकिनपासूनच केली. त्याच्या मते ही निव्वळ कल्पना नव्हती. जीव काढून सुरक्षित जागी ठेवता येतो, असं माणसं एके काळी खरोखर मानत होती.

साचा किती जुना? ब्रिटिश म्युझियमने १८५७ साली घेतलेल्या एका पपायरसात, म्हणजे सुमारे ३२०० वर्षांपूर्वीच्या इजिप्तमध्ये, बाटा नावाचा तरुण आपलं काळीज झाडाच्या फुलावर ठेवतो. बायको ते झाड तोडायला लावते आणि तो कोसळतो. इथे बाहेर ठेवलेला जीव राक्षसाचा नाही, नायकाचा आहे. आपल्याकडे महाभारताच्या वनपर्वातल्या यवक्रीताच्या उपाख्यानात बालधी ऋषी अमर पुत्र मागतो, देव मुलाचं आयुष्य पर्वताला बांधून देतात. मेधावी नावाचा हा मुलगा या भरवशावर उन्मत्त होतो. शेवटी धनुषाक्ष ऋषी रेड्यांकरवी पर्वतच फोडवतो.

कथासरित्सागरात वेगळी छटा आहे. हा अकराव्या शतकातला काश्मिरी ग्रंथ. त्याचं मूळ ज्या गुणाढ्याच्या लुप्त बृहत्कथेत, त्याला परंपरा पैठणच्या सातवाहन दरबाराशी जोडते. त्यातला अंगारक दैत्य वज्रदेही, फक्त डाव्या तळहातावर मर्मस्थान. मुलगी अंगारवती रडत विचारते, 'बाबा, तुम्हाला कुणी मारलं तर माझं काय?' तो हसून गुपित सांगून टाकतो. लपून ऐकणाऱ्या राजाचं काम झालं.

खरी कळ इथे आहे. नॉर्वेच्या कथेतला राक्षस दोनदा खोटं सांगतो. आधी म्हणतो काळीज उंबऱ्याखाली आहे, मग म्हणतो कपाटात. कैदेतली राजकन्या दोन्ही जागा फुलांनी सजवते. तो विरघळतो आणि खरी जागा सांगतो: सरोवर, बेट, चर्च, विहीर, बदक, अंडं. मग नायक जातो आणि अंडं आणतो. पण त्याला पत्ता मिळाला कुणामुळे?

कथांचे साचे मोजणाऱ्यांनी गुपित काढून घेणाऱ्या या बाईचं काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. व्लादिमीर प्रॉपने १९२८ साली रशियन परीकथांमधून ३१ क्रिया आणि सात पात्रभूमिका काढल्या. त्यात राजकन्या आणि तिचा बाप मिळून एकच भूमिका. 'कोश्चेय, तुझं मरण कुठे आहे?' हा रशियन कथांतल्या खलनायकाला विचारलेला प्रश्न त्याने टिपला, पण खलनायकाच्या टेहळणीचं उलटं रूप म्हणून, चौथ्या क्रियेच्या पोटात. पुराणकथांचा अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल याने १९४९ साली, मानसशास्त्रज्ञ युंगच्या आदिरूपांचा आधार घेत, नायकाच्या प्रवासाचे १७ टप्पे मांडले. त्यात स्त्रीच्या नावाचे टप्पे दोन, देवी आणि मोहिनी. गोड बोलून माहिती काढणारी कैदी दोन्हींत बसत नाही. १९८०च्या दशकात डिस्नेत काम करणाऱ्या ख्रिस्तोफर व्होग्लरने तो आराखडा १२ टप्प्यांवर आणला आणि तो पटकथाकारांच्या हाती गेला.

लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत ही कथा ३०२ क्रमांकावर आहे. तिथलं शीर्षक राक्षसाच्या अंड्यातल्या काळजाचं. पोपट शीर्षकात नाही.