फॉलोअर हा वर्गणीदार होता तेव्हा

'इन्स्टावर फोटो टाकून आता काही होतं का?' लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या फोटोग्राफरपासून मुंबईच्या जहांगीर कलादालनाबाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसलेल्या चित्रकारापर्यंत सगळे हे एकमेकांना विचारताना दिसतात. काही होतं, असं म्हणणारा नुकतं मिळालेलं एखादं काम पुढे करतो. काही होत नाही, असं म्हणणारा फोन काढून लाइकचा आकडा दाखवतो. दोघंही खरंच बोलत असतात. गेल्या वीस वर्षांत 'फॉलो' या शब्दाचा अर्थ मात्र गुपचूप पालटला आणि या वादाचं मूळ तिथे आहे.

आपल्याकडे चित्र घरोघरी पोचवण्याची व्यवस्था इंटरनेटच्या कितीतरी आधीची. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि पुढे दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ हीच चित्रकाराची मोठी भिंत झाली. रघुवीर मुळगावकरांच्या कॅलेंडरांवरचे देव वर्ष संपल्यावर चौकटीत जाऊन देवघराशेजारी बसत. दीनानाथ दलाल तर मुखपृष्ठं करून थांबले नाहीत. १९४५ साली त्यांनी स्वतःचा 'दीपावली' सुरू केला. चित्रही त्यांचं, अंकही त्यांचाच. वर्गणी भरलेल्या माणसाकडे अंक पोस्टाने जायचा. पोस्टमन वाटेत गठ्ठा उघडून 'हे मुखपृष्ठ काही खास नाही, दहातल्या एकाच घरी टाकू' असं म्हणत नसे. हा पोस्टमन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या व्यवस्थेला अर्थातच दारं होती आणि दारांवर माणसं होती. संपादकाची ओळख हवी, आर्ट डिरेक्टरने वेळ द्यायला हवी. १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर कलादालनात तारीख मिळायला लोक वर्षानुवर्षं थांबत आले आहेत. नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या पोराला मुंबईत कुणी ओळखीचं नसेल, तर काम कितीही चांगलं असो, ते ट्रंकेतच राहायचं. म्हणून इंटरनेटने ही दारं उघडली तेव्हा झालेला आनंद खोटा नव्हता.

फ्लिकर हे फोटोंचं संकेतस्थळ फेब्रुवारी २००४ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये सुरू झालं. स्ट्युअर्ट बटरफील्ड आणि कॅटरिना फेक यांची कंपनी खरं तर एक ऑनलाइन खेळ बनवत होती. खेळ बाजूला पडला आणि त्यातली फोटो देवघेवीची सोय उचलून हे संकेतस्थळ उभं राहिलं. वर्षभरात याहूने ते विकत घेतलं. तिथे तुमच्या 'कॉन्टॅक्ट'ने फोटो टाकला की तो तुम्हाला दिसायचा, एवढा साधा हिशोब होता. ग्रुप होते, टॅग होते, खाली लेन्स आणि शटर स्पीडवर तास न् तास चालणाऱ्या चर्चा होत्या. बघणारे बहुतेक स्वतःच फोटो काढणारे. गिऱ्हाईक तिथे फारसं नव्हतं, पण जाणकार दाद होती, आणि शिकणाऱ्याला सुरुवातीला तीच हवी असते.

व्हिव्हियन मायरची गोष्ट याच काळातली. शिकागोत लोकांची मुलं सांभाळण्यात आयुष्य काढलेल्या या बाईने रस्त्यावरचे हजारो फोटो काढले आणि बहुतेक कुणालाच दाखवले नाहीत. २००७ मध्ये तिच्या निगेटिव्हचा एक गठ्ठा जॉन मलूफ नावाच्या तरुणाने लिलावात घेतला. ऑक्टोबर २००९ मध्ये त्याने फ्लिकरच्या एका ग्रुपवर काही फोटो दाखवून विचारलं, यांचं करू काय? त्या एका प्रश्नावर तिचं नाव जगभर झालं. ती बघायला नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेली होती. सोशल मीडियाने कलावंत घडवल्याचं सर्वांत सुंदर उदाहरण अशा बाईचं आहे जिने स्वतः एकही फोटो 'शेअर' केला नाही. याला काय म्हणावं?

पैशाची वाटही फ्लिकरवरून थोडी निघाली होती. २००८ मध्ये झालेल्या करारानुसार गेटी इमेजेस ही फोटो विकणारी कंपनी तिथले निवडक फोटो परवान्यावर विकू लागली. २०१४ मध्ये तो करार संपला. दुसऱ्या बाजूला हजारो लोक क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे 'नाव द्या आणि वापरा' अशा उदार मनाने, फोटो ठेवत होते. त्या औदार्याचं पुढे काय झालं ते थोड्या वेळाने.

पोस्टमनने गठ्ठा पहिल्यांदा उघडला तो फेसबुकवर. चित्रकारांनी, स्टुडिओवाल्यांनी मोठ्या हौसेने पेज काढली, नातेवाइकांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांकडून लाइक गोळा केले. २०१२ मध्ये फेसबुकनेच सांगितलं की पेजवरची पोस्ट सरासरी १६ टक्के चाहत्यांपर्यंतच पोचते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ओगिल्वी या जाहिरात कंपनीने पाहिलेल्या पेजवर हा आकडा ६ टक्क्यांच्या आसपास आला होता. उरलेल्यांपर्यंत जायचं तर पोस्ट 'बूस्ट' करा, म्हणजे पैसे भरा. आपणच जमवलेल्या वर्गणीदाराकडे आपलाच अंक पाठवायला आता वेगळं टपाल लागू लागलं.

त्यामुळे फोटोवाले इन्स्टाग्रामकडे वळले. केव्हिन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर यांनी ते ६ ऑक्टोबर २०१० रोजी फक्त आयफोनसाठी आणलं होतं. आपल्याकडे ते खऱ्या अर्थाने पोचलं एप्रिल २०१२ मध्ये, अँड्रॉइडवर आल्यावर. त्याच महिन्यात फेसबुकने एक अब्ज डॉलरला ते घेतलं. तेव्हा तिथे १३ माणसं कामाला होती. डिसेंबरात नव्या अटी आल्या, आणि आपले फोटो जाहिरातींसाठी विकले जाणार असा त्यांचा अर्थ लागून बोंबाबोंब झाली. काही दिवसांत कंपनीने माघार घेतली. तरी एक कलम तेव्हाही होतं आणि आजही आहे: फोटो तुमचाच, पण तो वापरण्याचा, पुढे दुसऱ्याला देण्याचा फुकट परवाना आमचा.

हे कलम कुणी वाचलं नाही, कारण ते दिवस खरंच चांगले होते. चौकोनी फोटो, आणि शेवटी टाकलेला सर्वांत वर. पाचशे फॉलोअर असलेल्याचा फोटो त्या पाचशेतल्या जो कुणी अ‍ॅप उघडेल त्याच्यासमोर येणार. हा हिशोब दलालांच्या वर्गणीदारासारखाच होता.

१५ मार्च २०१६ रोजी कंपनीने जाहीर केलं की फीड आता वेळेच्या क्रमाने लागणार नाही. कारण दिलं की लोकांच्या नजरेतून त्यांच्या फीडमधला ७० टक्के मजकूर तसाही निसटतो, म्हणून त्यांना आवडेल ते आम्ही वर आणू. तेव्हा इन्स्टावर असलेल्यांना आठवत असेल, महिनाअखेरीस वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांकडे बाण दाखवणाऱ्या पोस्टचा पूर आला होता: 'नोटिफिकेशन चालू करा, नाहीतर मी दिसणार नाही.' तेव्हा ते जरा केविलवाणं वाटलं होतं. आज वाटतं, त्यांना आपल्या आधी कळलं.

त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे जिओ आलं आणि मोबाइल डेटा स्वस्त झाला. व्हिडिओ बघताना पॅक संपेल ही धास्ती गेली. मग २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, आणि जेमतेम दहा दिवसांत, ८ जुलैला, इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केलं. अमेरिकेसह पन्नासहून अधिक देशांना ते ऑगस्टमध्ये मिळालं. फोटोच्या घरात व्हिडिओ भाडेकरू म्हणून शिरला आणि वर्षभरात मालक झाला. जून २०२१ मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी सांगूनच टाकलं की आम्ही आता फोटो शेअर करण्याचं अ‍ॅप राहिलेलो नाही.

व्हिडिओ येणं ही यातली मोठी गोष्ट नव्हे. मोठी गोष्ट ही की समोर काय यावं हे ठरवण्यात तुम्ही कुणाला फॉलो करता याला फारसं वजन उरलं नाही. जुलै २०२२ मध्ये फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी सांगितलं की फेसबुकच्या फीडमधला सुमारे १५ टक्के मजकूर तुम्ही फॉलो न केलेल्या ठिकाणांहून यंत्र निवडून आणतं, इन्स्टाग्रामवर याहून थोडा जास्त, आणि पुढच्या वर्षाअखेर हे प्रमाण दुपटीहून वर नेऊ. 'इन्स्टाग्राम पुन्हा इन्स्टाग्राम करा' अशी ओरड त्याच महिन्यात झाली, थोडी माघारही घेतली गेली, पण दिशा बदलली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटाविरुद्धच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीविरुद्धच्या, मक्तेदारी खटल्यात अमेरिकी न्यायालयाने निकाल दिला, त्यात आकडा आहे: तिथले लोक इन्स्टाग्रामवरच्या वेळातला जेमतेम ७ टक्के वेळ मित्रांचा मजकूर बघण्यात घालवतात. गंमत म्हणजे हा आकडा मेटाच्या फायद्याचाच ठरला. आम्ही आता मित्रांना जोडणारी कंपनी राहिलेलो नाही, हाच तर तिचा बचाव होता, आणि ती जिंकली.

आता फायदा कुणाला, हे यातून बरंचसं उलगडतं. ज्या कलेत हात चालताना दिसतो तिचं रीलने भलं केलं. ठिपक्यांपासून चेहरा उमटणारी रांगोळी, एका फटकाऱ्यात ओढलेला देवनागरी 'श्री', पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी: हे सगळं तीस सेकंदांत बघायला मजा येते, आणि ज्याने तुमचं नावही ऐकलेलं नाही तोही थांबतो. ज्याचं काम स्थिर आहे, ज्याच्यासमोर उभं राहावं लागतं, त्याची पंचाईत झाली. काळ्या-पांढऱ्या निसर्गचित्रातल्या करड्या छटा अंगठ्याच्या वेगात कुणाला दिसणार? मग तोही मागे गाणं लावून, कॅमेरा खांद्यावर टाकून डोंगर चढतानाचं रील करतो. रील चालतं. फोटो मागे पडतो.

लग्नाच्या फोटोग्राफरचं गणित वेगळं. त्याला पूर्वी करिझ्मा अल्बम पिशवीत घालून घरोघरी जावं लागे, आता 'आयडी पाठवा' म्हणतात. तारीख पक्की करण्याआधी मुलगा-मुलगी दोघंही प्रोफाइल चाळून येतात. त्यांनी तुम्हाला तिथे शोधलेलं नसतं; नाव कुणा मावशीने किंवा हॉलवाल्याने सुचवलेलं असतं. पण प्रोफाइल रिकामी दिसली तर फोन येत नाही. माझ्या मते आज बहुतेकांना सोशल मीडियाचा खरा फायदा एवढाच आहे, दारावरच्या पाटीचा. आणि पाटी रोज रंगवायची गरज नसते.

यात एक कायद्याची मेख आहे, जी धंद्यातल्या अनेकांनाही ठाऊक नसते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे पाटीवर टांगलेलं नवरी-नवऱ्याचं चित्र बऱ्याचदा फोटोग्राफरचं नसतंच.

चोरीची भीती पहिल्यापासून होती. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीतल्या डॅनियल मोरेल या फोटोग्राफरने आपले फोटो ट्विटरवर टाकले; ते एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेने उचलले, गेटीमार्फत जगभर गेले, तेही आधी दुसऱ्याच्याच नावावर. नोव्हेंबर २०१३ मध्ये ज्युरीने त्याला १२ लाख डॉलर दिले. अशा चोरीत निदान चोर सापडतो.

एआयचं यंत्र शिकतं तेव्हा तोही सापडत नाही. फ्लिकरवर औदार्याने ठेवलेल्या सुमारे दहा कोटी फोटो-व्हिडिओंचा संच याहूने २०१४ मध्ये संशोधनासाठी खुला केला. त्यातले जवळपास दहा लाख चेहऱ्यांचे फोटो घेऊन आयबीएमने २०१९ च्या सुरुवातीला चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांसाठी संच बनवला. परवान्याच्या भाषेत बहुधा चूक नव्हती. 'वापरा' असं लोकांनीच म्हटलं होतं. पण आपल्या पोरीच्या वाढदिवसाचा फोटो टाकणाऱ्याच्या मनात 'वापरा'चा हा अर्थ नव्हता. २०२२ मध्ये आलेल्या लायन-५बी संचात इंटरनेटवरच्या ५.८५ अब्ज चित्रांचे दुवे होते, आणि चित्र बनवणारी नवी यंत्रं अशाच संचांवर शिकली. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या तीन चित्रकारांनी अशी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांवर खटला भरला. प्रतिवादींत डेव्हियंटआर्ट हे चित्रं टाकण्याचं संकेतस्थळही होतं. २००० सालापासून चित्रकारांनी ज्याला आपलं घर मानलं, तेच.

मे-जून २०२४ मध्ये, आपण सार्वजनिक पोस्ट एआय शिकवायला वापरतो आणि वापरत राहणार, हे मेटाने युरोपातल्या लोकांना कळवायला सुरुवात केली. तेव्हा छायाचित्रकार जिंगना झांग यांनी सुरू केलेलं कारा हे एआय-विरोधी अ‍ॅप आठवड्याभरात सुमारे ४० हजारांवरून साडेसहा लाखांवर गेलं. सर्व्हरचं बिल आलं ९६ हजार डॉलर. शिकागो विद्यापीठाच्या ग्लेझसारख्या साधनांनी चित्रावर डोळ्याला न दिसणारा थर चढवून यंत्राला चकवता येतं, आणि काही जण तसं करूनच चित्र टाकतात. मुळात बघण्यासाठी काढलेलं चित्र बघणाऱ्यापासून जपून दाखवायचं, अशी ही वेळ.

काही जण परत जुन्या वाटेला लागले आहेत: स्वतःचं संकेतस्थळ, ईमेलची यादी, व्हॉट्सअ‍ॅपवर शंभरेक जुन्या गिऱ्हाइकांची ब्रॉडकास्ट लिस्ट. इन्स्टा कुणी बंद करत नाही. नऊ चौकोन जुळवून एकच मोठं चित्र दिसेल असं प्रोफाइल सजवण्याची हौस मात्र जानेवारी २०२५ मध्ये ओसरली. त्या महिन्यात ग्रिडचे चौकोन ताणून उभे केले गेले, कारण मोसेरींच्या म्हणण्याप्रमाणे आता बहुतेक लोक उभंच टाकतात. ज्यांनी वर्षानुवर्षं चौकोन जुळवले होते, त्यांच्या पाट्यांवरची चित्रं एका सकाळी दोन्ही बाजूंनी कापलेली दिसली.